डावीकडचे तुकडे

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कारखान्यातून दरवर्षी डायरी मिळते. आजवर तिच्यात दूधवाल्याचे खाडे सोडून मी काही लिहिलेलं नाही. यंदा घरात बसून आहे, हात एकच नीट चालतो, आणि नशिबानं तो लिहिण्याचा आहे. म्हणून लिहिते.

दवाखान्यातून घरी येऊन आठवडा होऊन गेला. बाहेर सगळ्यांना सांगितलंय की माझ्या पित्ताशयात खडे होते, त्याचं ऑपरेशन झालं. कल्पना सासूबाईंची. ती त्यांनी इतक्या मन लावून चार घरी सांगितली की आता त्यांचाच तिच्यावर विश्वास बसलाय. काल समोरच्या काकू बघायला आल्या, तर सासूबाई बोटाचं पेर धरून म्हणाल्या, "एवढाले खडे निघाले हो!" काकूंनी सल्ला दिला, तेल-तूप बंद करा. तेव्हापासून मला बिनतेलाच्या उकडलेल्या भाज्या आहेत. जो आजार नाही त्याचं पथ्य पाळतेय. जो आहे त्याला काही पथ्य नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डावा स्तन काढला. हे वाक्य लिहून बघितलं. काही झालं नाही. पंखा फिरतोय.

काखेपासून खाली वीतभर जागा बधिर आहे. टाचणीचं टोक टेकवून पाहिलं. कापडाला कळावं तेवढंच कळलं. तिथली नस कापली जाते, म्हणे. जाणीव परत येईल, किंवा येणारही नाही. मला घाई नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

टाके काढले. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "घरात कुणाला असं काही झालं नव्हतं म्हणालात ना?"

मी म्हटलं, "नाही. आई लवकर गेली, पण ती अशक्तपणानं गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अशक्तपणानं कुणी जात नाही हो." मग विचारलं, "मुलगी आहे?"

"आहे. बाविसावं चालू आहे. होस्टेलला असते."

"तिला सांगा. दर महिन्याला तिनं स्वतःच्या हातानं तपासायचं, आणि वर्षातून एकदा माझ्याकडे यायचं. हे राहू देऊ नका."

हे शेजारच्या खुर्चीत होते. यांनी मान हलवली. मीही हलवली. घरी येताना गाडीत आम्ही पेट्रोल भरलं आणि पेट्रोलबद्दल बोललो.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. आत्ताच कशाला डोक्याला ताप? परीक्षा होऊ दे." मला पटलं. भाजी निवडता निवडता त्याच पुढे म्हणाल्या, "आणि उद्या तिचं लग्न जमायचंय. लोक काय काय चौकशा करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणजे परीक्षा झाल्यावरही नाहीच. हे काही बोलले नाहीत. मुळात कमी बोलणारे, नाकासमोर चालणारे. मीही बोलले नाही. अळीमिळी गुपचिळी.

आई कशानं गेली असेल याचा विचार करायला हवा होता. केला नाही, जरा पडले. एवढंच आठवलं की शेवटच्या वर्षात ती मला जवळ घेत नसे. मी माहेरी गेले की दारातच म्हणायची, "लांबूनच बस, मला घाम आलाय." थंडीतसुद्धा.

रविवार, २ मार्च

व्यायाम दिलाय. भिंतीकडे तोंड करून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथे दुखून थांबेल तिथे खडूनं खूण करायची, दुसऱ्या दिवशी तिच्या वर जायचं. मुंगी माझ्यापेक्षा बरी चढते.

कपाटाचा मोठा आरसा यांनी काढून माळ्यावर टाकला. म्हणाले, तडा गेला होता. मला कधी दिसला नव्हता तडा. आपल्याला जे बघवत नाही ते बायकोनंही बघू नये, असं काहीतरी असेल. राग आला नाही. यायला हवा होता बहुतेक. याच आरशासमोर हे दाढी करायचे. आता अंदाजानं करतात आणि हनुवटीखाली केस राहून जातात.

लेकीचा फोन होता. तोंड दिसतं त्या फोनवर मी शाल गळ्यापर्यंत घेऊन बसते. ती म्हणाली, "आई, मी वाचलं, पित्ताशय नसलं तरी माणूस मजेत जगतो."

"हो गं. काही अडत नाही."

"तुला एक विचारायचं होतं."

"विचार की."

एवढ्यात सासूबाई मागून आल्या, "खडे केवढे होते ते सांगितलंस का तिला?" लेक हसली. म्हणाली, "जाऊ दे, काही नाही. परत केव्हातरी." अभ्यासाचं काहीतरी असेल.

सोमवार, १७ मार्च

कामावर रुजू झाले.

आमचा कारखाना बायकांच्या आतल्या कपड्यांचा. बाहेर आम्ही सगळ्या 'रेडीमेड कपडे' सांगतो. सासूबाई तर 'एक्स्पोर्ट' म्हणतात. आत मात्र लाज नावाची चीज नाही. दिवसभर बायकांच्या अंगाबद्दल बोलायचं, पण आकड्यांत. "चौतीस संपले, छत्तीसचा कप लाव." मी कटिंगला आहे, वीस वर्षं होऊन गेली. मला मास्तरीण म्हणतात.

लेसवाली, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर लेस लावते ती, मला बघून ओरडली, "मास्तरीण, खडे आणलेत का दाखवायला? आमच्या रस्त्यावर टाकू, खड्डा बुजेल." मी हसले. चेहऱ्याला सवय असते.

दवाखान्यातून डाव्या बाजूला घालायला कापसाची उशी दिली होती. टेबलावर वाकलं की ती गळ्याकडे सरकते. दुपारी न्हाणीघरात जाऊन काढून टाकली. वरून सैल शर्ट आहे, कुणाला कळलं नाही. मग उरलेल्या कापडातून स्वतःसाठी एक कपडा बेतला. उजवीकडे नेहमीसारखा कप, डावीकडे सपाट पट्टी. सोपं काम.

पण हात ऐकेना. कटिंगमध्ये कापड दुमडून घालतात, एका कातरीत उजवा आणि डावा दोन्ही निघतात. एकटा कप आम्ही कधी कापतच नाही. तसा कापला की सुपरवायझर विचारतो, याची जोडी कुठाय? मी फर्मा, म्हणजे मापाचा पुठ्ठ्याचा नमुना, ठेवला, खडू फिरवला, कातर चालवली आणि बघते तर समोर जोडी. वरचा तुकडा, खालचा तुकडा, बाजूचा तुकडा, सगळे दोन दोन. परत दुसऱ्या कपड्याला तेच. डाव्या तुकड्यांचं काय करायचं ते कळेना. टाकवले नाहीत. डब्यात भरले.

रविवार, ३० मार्च

खांदा आखडलाय. व्यायामवाली म्हणाली, घरी भिंतीचा कंटाळा येत असेल तर असं काहीतरी करा ज्यात हात वर जातो. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी चित्रकलेचा वर्ग असतो, तिथे गेले. शिकवणाऱ्या ड्रॉइंगच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. बोलताना खोकतात आणि खोकताना हसतात.

"काय काढायचंय?"

"काही नाही. हात वर न्यायचाय."

"मग छोटा कागद घेऊन कसं चालेल? हा घे." आणि दारापेक्षा मोठा पुठ्ठा भिंतीला लावून दिला.

मी तो राखाडी रंगवला. खालून वर, खालून वर. बाकीच्या बायका फुलदाणी काढत होत्या. दोन तासांत माझा सगळा पुठ्ठा राखाडी झाला. बाई मागे उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "राखाडी छान जमतो तुला." त्यांनी चेष्टा केली की कौतुक, कळलं नाही. घरी येऊन उकडलेला दुधी खाल्ला.

शनिवार, १२ एप्रिल

काही नाही. डाव्या तुकड्यांचा डबा भरला, दुसरा काढला.

रविवार, २० एप्रिल

डबा वर्गात घेऊन गेले. का नेला ते माहीत नाही. राखाडीवर काय काढणार असं बाईंनी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं, म्हणून नेला असेल.

तुकडे पुठ्ठ्यावर मांडले. शिवला की कपाला गोलाई येते. सपाट असताना त्यात काहीसुद्धा दिसत नाही. वरचा तुकडा होडीसारखा, खालचा पानासारखा, बाजूचा म्हणजे अर्धी भाकरी. सगळ्यांचं वळण एकाच दिशेला, कारण सगळे डावे. खळीनं चिकटवले. काहींवर रंग दिला, काही तसेच ठेवले. खडूच्या खुणा आणि कडेच्या खाचा पुसल्या नाहीत. उजवी बाजू नुसती राखाडी ठेवली.

बाईंनी विचारलं, "हे कशाचे तुकडे गं?"

मी सांगितलं. कपाचं सांगितलं आणि मग, कसं कोण जाणे, दुसरंही सांगितलं. त्यांच्याच कानात पहिल्यांदा गेलं हे. त्या आधी हसल्या होत्या, मग हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे वेगळे झाले. म्हणाल्या, "तुझ्या घरच्यांना माहितीये?"

"नवऱ्याला आणि सासूबाईंना."

"आणि मुलीला?"

"तिची परीक्षा आहे."

बाईंनी माझ्या बोटांना लागलेली खळ स्वतःच्या रुमालानं पुसली. मला ते आवडलं असावं. नक्की सांगता येत नाही. दंड मात्र आज कानाला लागला.

शुक्रवार, ९ मे

वर्गाचं प्रदर्शन आहे, वाचनालयाच्याच हॉलमध्ये. माझा पुठ्ठा घेतला. बाईंनीच घ्यायला लावला.

बाई सांगत होत्या, गेल्या वर्षी एका मुलीनं कोळशानं पाठमोरी बाई काढली होती. उघडी पाठ, बस. तर वाचनालयाच्या चिटणीसांनी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "नुसती पाठ होती गं! पाठीला पाठ दाखवली त्यानं," म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं. "तुझं मात्र बिनबोभाट जाईल बघ."

तसंच झालं. चिटणीस आले, चष्मा वर करून चित्रासमोर उभे राहिले. "वा! होड्या! संध्याकाळच्या होड्या परत निघाल्यात किनाऱ्याला." आणि नाव काय द्यायचं म्हणून विचारायच्या आत त्यांनीच चिठ्ठीवर 'होड्या' लिहून टाकलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी काय बोलणार होते? होड्या तर होड्या.

शनिवार, १७ मे

प्रदर्शन उघडलं. सासूबाई फिरायला जाणाऱ्या आपल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन आल्या. माझ्या चित्राच्या अगदी जवळ उभं राहून, खालच्या तुकड्यावर बोट ठेवून सांगत होत्या, "आमच्या सूनबाईंनी काढल्यात होड्या. हे शीड. ही लाट." इतक्या वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक चारचौघांत केलं नव्हतं. त्यांच्या बोटाखाली काय आहे ते त्यांना सांगावंसं वाटलं नाही. त्या खूश होत्या, आणि कुणीतरी खूश असलेलं बरं.

त्यांनी लेकीलाही फोनवर सांगितलं. परीक्षा संपलीय, पुढच्या शनिवारी ती येणार आहे. आईच्या होड्या बघायच्या म्हणाली.

चिटणीस म्हणाले, तुमचे मिस्टर कालपासून, चित्रं लावत होतो तेव्हापासून, जेवणाच्या सुट्टीत येऊन तुमच्या चित्रासमोरच्या बाकावर बसतात. डबाही उघडत नाहीत. यांचं ऑफिस जवळच आहे, आणि हॉलमध्ये गारवा असतो. त्यासाठी येत असतील.

बुधवार, २१ मे

आज लेसवाली आली, कामावरच्या दोघीतिघींना घेऊन. चित्रासमोर उभी राहिली आणि क्षणभरानं तिला हसू फुटलं. "अगं बाई मास्तरीण! हे तर आपले चौतीसचे कप! ह्या खाचा बघ, हा वरचा, हा खालचा. होड्या म्हणे होड्या! अशा होड्या आपण दिवसाला हजार सोडतो." सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मलाही हसू आलं, खरंच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट हललं.

मागे चिटणीस उभे होते.

लेसवाली गेल्यावर त्यांनी चित्राकडे असं पाहिलं, जसं आपल्याला कुणी फसवून काहीतरी खाऊ घातलंय. मग शिपायाला हाक मारली. दोघांनी मिळून पुठ्ठा उलटा करून भिंतीकडे तोंड करून ठेवला. मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारख्या घरंदाज बाईनं... इथे मुलं येतात हो."

मी म्हटलं, "बरं." इतकंच म्हटलं.

गुरुवार, २२ मे

एवढ्याशा गावात बातमी थांबत नाही. सकाळीच फिरायच्या मैत्रिणींपैकी कुणीतरी सासूबाईंना सांगितलं. घरी आल्या त्या चपला न काढता माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी बोट ठेवून दाखवलं गं त्यांना! शीड म्हणून, लाट म्हणून! माझंच बोट!" "आणि आता कुणी विचारलं, हे असलं का काढलं, तर काय सांगू? हात दाखवून अवलक्षण! एवढं झाकून ठेवलं आपण, ते असं भिंतीवर टांगायचं? पोरीचा तरी विचार करायचास."

पोरीचा विचार, हा शब्द ऐकून मला वाटलं आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. मी म्हणाले, "आई, चहा ठेवू?" त्या रडायला लागल्या. मला वाटतं त्यांना मी भांडायला हवं होतं.

हे ताटावरून उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. सुटले. मला कुठे निघून जायचं असतं तर मीही गेले असते.

शनिवार, २४ मे

सगळं एकदम लिहिते, नाहीतर राहील.

लेक सकाळी आली. बॅग टाकली आणि म्हणाली, आधी होड्या. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, प्रदर्शन बंद झालं. ती म्हणाली, "खोटं बोलतेस. पाटी मी येतानाच बघितली." आणि मला हाताला धरून घेऊन गेली.

हॉलमध्ये चिटणीस मला बघून लगबगीनं आले. "वहिनी, तुमच्या मिस्टरांना जरा समजवा. परवा येऊन भांडले माझ्याशी. चित्र सरळ करून गेले, मी परत उलटं केलं. काल परत तेच. शोभतं का हे?" मला खरं वाटेना. हे भांडले? रिक्षावाल्यानं जास्त पैसे घेतले तरी जे 'असू दे' म्हणतात, ते? म्हटलं कुणी दुसरे असतील.

तेवढ्यात लेकीनं पुठ्ठा एकटीनंच फिरवला आणि मागे सरून बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. ही पोरगी माझ्या कटिंगच्या टेबलाखाली वाढलीय. अक्षरं यायच्या आधी तिला फर्मे ओळखता येत. तिनं एकेका तुकड्याच्या खाचेवर नजर फिरवली. मग उजवीकडच्या रिकाम्या राखाडीकडे पाहिलं.

"आई, हे सगळे डावे आहेत."

"हं."

"उजवे कुठे गेले?"

"उजवे लागतात. ते शिवून मी घालते."

ती माझ्याकडे वळली. माझ्या सैल शर्टाकडे तिनं सरळ पाहिलं, इतके महिने कुणी पाहिलं नव्हतं तसं. डोळे हलवले नाहीत. "खडे नव्हते," म्हणाली. ते विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "नव्हते. गाठ होती. डावा पूर्ण काढला. आता बरी आहे." मग जे फेब्रुवारीतच सांगायचं होतं तेही सांगून टाकलं. तुझ्या आजीलाही, माझ्या आईला, हेच असणार. तुला तपासायला सांगितलंय डॉक्टरांनी. मी सांगितलं नाही तुला.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं माझा हात धरला आणि खांबामागे नेलं. माझी बोटं घेऊन स्वतःच्या कुडत्यावरून छातीच्या बाजूला, काखेजवळ टेकवली. "इथे बघ."

मी रोज कापडाचे थर चाचपते, एखादा दोरा आडवा गेला तरी बोटाला लागतो. गाठ सुपारीएवढी होती. दाबली की सरकत होती.

"केव्हापासून?"

"जानेवारीच्या शेवटाला लागली हाताला. तुझं ऑपरेशन होतं ना तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"सांगणार होते फोनवर. पण काय म्हणून सांगू? आपल्या घरात त्या जागेला नावच नाही." "मला वाटलं, आपल्यात असलं कुणाला होतच नाही. फक्त मलाच झालंय. माझीच काहीतरी चूक आहे."

तिथे, त्या खांबामागे, मी तिला जवळ ओढून धरलं आणि सोडवेना. एवढे महिने वाट बघत होते ना काहीतरी वाटण्याची, ते हे होतं.

चिटणीस परत पुठ्ठ्याला हात घालत होते. मी तिथे गेले. टेबलावरचं त्यांचंच पेन घेतलं, चिठ्ठीवरचं 'होड्या' खोडलं आणि खाली लिहिलं, 'स्तन, डावा'. आणि त्यांना मोठ्यानं वाचूनही दाखवलं, म्हणजे अक्षर लागलं नाही असं व्हायला नको.

"अहो वहिनी, मुलं येतात इथे!"

"मुली पण येतात," मी म्हटलं. "हात काढा. रंग अजून काही ठिकाणी ओला आहे." रंग महिन्यापूर्वीच वाळलाय. पण त्यांनी पोळल्यासारखा हात काढला.

बुधवार, २८ मे

डॉक्टरीणबाईंनी लेकीला तपासलं. सरकते आहे, वय लहान आहे, बहुधा साधी असेल, म्हणाल्या. 'बहुधा' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. सुईनं नमुना घेतला. लेकीनं माझी करंगळी धरली होती आणि हे बाहेरच्या बाकावर बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होते, सुट्टी वाढवून घेत होते. निकाल शुक्रवारी.

आत्ता दुपार आहे. लेक माझ्या पलंगावर पडलीय, कुडत्याची बटणं उघडी, जिथे सुई लागली तिथे बर्फाची पिशवी. दार उघडंच आहे. सासूबाई दारातून आत डोकावल्या, पटकन मागे सरल्या. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. मग ते परत उघडलं. त्या आत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. भिंतीकडे बघत बसल्या होत्या. मग हळूच नातीकडे पाहिलं.

"दुखतं का गं?"

"थोडं, आजी."

"आणि तुला?" हा प्रश्न मला. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "मला तिथे काही कळत नाही, आई. बधिर आहे." पण नंतर एवढंच सांगून थांबवेना. हेही दारात येऊन उभे होते. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं की मला भीती वाटतेय. शुक्रवारची भीती वाटतेय, पोरीची वाटतेय, माझी स्वतःची पण वाटतेय, आणि मी एकटीनं ती धरून ठेवू शकत नाही.

कुणी 'काही होत नाही' म्हटलं नाही. हे आत येऊन पलंगाशी खाली जमिनीवर बसले. मी अजून घाबरलेलीच आहे.